आकडा निम्मा-निम्मा करत भागाकारांची बेरीज केली, की ती बायनरीत जितके ‘१’ तितक्यानेच कमी का भरते?

फेरीबोट
रोज सकाळी गोव्यातल्या चोडण बेटावरून रायबंदरला येतो. फेरीबोटीत गाडी लावली की पुढच्याची नंबरप्लेट वाचणं एवढाच उद्योग. पोरीला अकरावीत बायनरी (फक्त ० आणि १ वापरून आकडे लिहायची पद्धत) आली तेव्हा तिच्याबरोबर मीही शिकलो, आणि प्लेटवरचा आकडा बायनरीत करायचं खूळच लागलं. दोनने भागत जायचं, बाकी लिहायची, शेवटी बाक्या खालून वर वाचायच्या.

परवा पुढे स्कूटर होती, १५१०. (पोर्तुगीजांनी गोवा घेतला ते साल, गोंयकाराला पाठ करावं लागत नाही!) भागाकार आले ७५५, ३७७, १८८, ९४, ४७, २३, ११, ५, २, १. बायनरीत १०११११००११०, म्हणजे सात ‘१’. फेरी मधेच थांबून राहिली म्हणून सगळे भागाकार बेरजेला घेतले: १५०३. सात कमी! १०० घेऊन बघितलं: ५०, २५, १२, ६, ३, १, बेरीज ९७. आणि १०० म्हणजे ११००१००, तीन ‘१’. दर वेळी असंच होतं. का?

मास्तर_निवृत्त
नियम खरा आहे, योगायोग नाही. भागाकार भ आणि बाकी ब धरा: संख्या = २भ + ब. म्हणून भ = (संख्या − भ) − ब. अशा ओळी एकाखाली एक मांडून बेरीज करा, मधले सगळे भागाकार एकमेकांत कटतात. उरते मूळ संख्या वजा बाक्यांची बेरीज, आणि बाक्यांची बेरीज म्हणजेच ‘१’ किती ते.

डावा_बॅक
मास्तर, बरोबर, पण मैदानावर या. वाड्यावरच्या स्पर्धेत १०० संघ. जोड्या लावा, हरला तो घरी. जोडी न मिळालेल्यालाही घरीच पाठवा, न खेळता पुढे जाण्याची सूट (बाय) नाही. (आमच्याकडे असं केलं तर दंगल होईल, ते सोडा.) सामने ५०+२५+१२+६+३+१. प्रत्येक सामन्यात एकच संघ हरतो, म्हणजे ९७ हरून गेले. उरलेले तीन? २५ होते तेव्हा एक बिनजोडीचा, ३ होते तेव्हा एक, आणि शेवटी एकटा राहिलेला विजेता. ते तुमचे तीन ‘१’.

फेरीबोट
पात्रांव, हे डोक्यात बसलं! आता चहा सांडला तरी विसरणार नाही.

मास्तर_निवृत्त
आता याचा उपयोग. १ ते १०० चा गुणाकार करा. त्याला २ ने किती वेळा नि:शेष भाग जातो? ९७ वेळा. ५० सम संख्या एकेक २ देतात, चारने भाग जाणाऱ्या २५ आणखी एक, आठच्या १२ आणखी एक... तेच भागाकार. लहान पडताळा: १ ते ५ चा गुणाकार १२० = ८ × १५, तीन वेळा; ५ = १०१, आणि ५ − २ = ३. लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाचं हे सूत्र.

फेरीबोट
मग ३ ने? तिथे ‘३ च्या पायात’ (२ ऐवजी ३ ने भागत, बाक्या घेत) लिहून अंकांची बेरीज वजा करायची?

डावा_बॅक
वजा करून २ ने भागायचं. तिघांच्या गटातून एक पुढे, दोघे घरी, म्हणजे एका सामन्यात दोन संघ जातात. ३ च्या पायात १० = १०१, बेरीज २. (१०−२)/२ = ४. १ ते १० मध्ये ३, ६ आणि ९ मोजा, ९ मध्ये ३ दोनदा येतो: चारच.

फेरीबोट
उद्या फेरीत पोरीला ७ ने विचारतो. तिला उत्तर आलं नाही तर मला यायला हवं, तेवढा वेळ द्या.