फराळाची ऑफर: सगळे 'छान!' म्हणतात, ऑर्डर कुणी देत नाही

चकलीवाली
डोंबिवली पूर्वेला घरूनच दिवाळीचा फराळ करून देते, हे पाचवं वर्ष. गेल्या वर्षी दसऱ्याआधी नोंदवणाऱ्यांना १० टक्के सवलत ठेवली आणि १४० जणांना व्हॉट्सअ‍ॅप केलं. तीसेक नमस्काराचे हात आले, 'छान उपक्रम' आले, ऑर्डरी ११. आणि तेच लोक धनत्रयोदशीला 'थोडं उरलंय का हो?' करत फोन करतात! यंदा काय बदलू? खर्चाला १५०० आहेत. वर एक रुपया नाही.

निवृत्त_काका
पेपरात पत्रकं टाका. मी क्लाससाठी ५००० छापली होती, आर्ट पेपर, चार रंग. खर्चाचं विचारू नका, पण लोक अजून नाव काढतात. एकदा हात सैल सोडाच.

मुलुंडचा_मी
काका, १५०० म्हणाल्या त्या. ताई, तो मेसेज जसाच्या तसा इथे टाका.

चकलीवाली
'१६ प्रकारचा घरगुती फराळ! दर सोबतच्या पीडीएफमध्ये. लिंकवर फॉर्म भरावा, निम्मी रक्कम क्यूआरवर भरून स्क्रीनशॉट पाठवावा. सवलत अंतिम बिलातून वजा होईल.'

मुलुंडचा_मी
अहो, ही ऑर्डर आहे की रेशनकार्डाचा अर्ज? पीडीएफ उघडा, फॉर्म भरा, पैसे भरा, फोटो पाठवा. मधे कुकरची शिट्टी झाली की राहिलंच. आणि क्यूआर ज्या फोनवर आलाय त्याच फोनने तो स्कॅन कसा करायचा, हे माझ्या आईला अजून कोडं आहे. यूपीआयचा नंबर नुसता लिहा.

कडबोळी
+१, फॉर्म नकोच. पण अ‍ॅडव्हान्स सोडू नका! माझ्या जावेने सोडला, ६ किलो चिवडा अंगावर पडला. होळीपर्यंत खात होतो.

निवृत्त_काका
होळीपर्यंत? खवट नाही झाला?

कडबोळी
झाला की. तरी खाल्ला.

तांत्रिक_तात्या
व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, फुकट आहे, त्यात कॅटलॉग लावता येतो. ब्रॉडकास्ट केलं होतं का? ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ते पोचतं. १४० पैकी निम्म्यांना कदाचित कळलंही नसेल.

जर्सीकर
आम्ही इकडे न्यू जर्सीत मागवला होता. कुरियर फराळापेक्षा महाग आणि करंज्यांचा भुगा. असो, कुणाला त्याचं काय.

माईसाहेब
टक्क्यांचा हिशोब कोण करत बसणार? 'किलोमागे ५० रुपये कमी' असं सांग. १६ प्रकार बघून माणूस 'घरी विचारतो' म्हणतो. घरी विचारलं की गेलंच. चकली, चिवडा, बेसन लाडू, शंकरपाळी, अर्धा अर्धा किलो, एक डबा, एक किंमत. आणि जुन्या गिऱ्हाइकांना एवढंच लिही: 'गेल्या वर्षीचंच पाठवू ना?' त्यांनी नुसतं 'हो' म्हणायचं. वही असेलच तुझ्याकडे.

खमंग
अवांतर: आमची भाजणीची चकली दुसऱ्या दिवशी मऊ का पडते?

कडबोळी
मोठ्या आचेवर तळत असणार. बाहेरून लाल होते, आत कच्चीच.

निवृत्त_काका
मोहन कमी पडत असेल.

कडबोळी
मोहन कमी पडलं तर कडक होते, काका! जास्त झालं की तेलात विरघळते. तुम्ही पत्रकंच छापा.

निवृत्त_काका
आमच्या घरी ४० वर्षं चकल्या होतायत.

खमंग
तळणारं कोण, ते सांगा आधी.

मुलुंडचा_मी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. माईंचा प्रतिसाद कुणी वाचला का?

चकलीवाली
सगळ्यांचे आभार. पत्रकं नाहीत, कॅटलॉग नाही, १६ च्या १६ प्रकारही राहणार, कारण अनारसे बंद केले तर सासूबाई बोलायच्या बंद होतील. मेसेजच करत नाहीये. माई म्हणाल्या तशी वही काढलीय, पण फोन सासूबाई करणार. त्यांना दुपारी तसंही कुणाशी तरी बोलायचंच असतं. १५०० चे डबे आणले.

मुलुंडचा_मी
पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा). निकाल कळवा.

चकलीवाली
दसरा झाला. २६ ऑर्डरी. एकीशी पाऊण तास बोलणं झालं, तिची मात्र ऑर्डर नाही. आणि सवलतीचं सासूबाई एकालाही सांगायला विसरल्या.

कडबोळी
अ‍ॅडव्हान्स घेतलात का??