बियांपासून वाढवलेल्या ॲव्होकॅडोवर घरी कलम: सहापैकी पाच काड्या काळ्या पडल्या

गच्चीवरची_बाग, पुणे (२४ मार्च)

नमस्कार. गेल्या ऑगस्टमध्ये मंडईतून आणलेल्या मोठ्या, हिरव्या सालीच्या ॲव्होकॅडोच्या आठ बिया मी काळ्या पिशव्यांत लावल्या होत्या. त्यांपैकी सहा उगवल्या. आज ही रोपे दीड-दोन फुटांची असून बुंध्याशी पेन्सिलीपेक्षा किंचित जाड आहेत. बियांपासून वाढलेल्या झाडाला फळ धरायला सात-आठ वर्षे, कधी त्याहूनही जास्त लागतात आणि ते फळ मूळ फळासारखे निघेलच असे नसते, हे कळल्यावर मी कलम करायचे ठरवले.

पाचगणीला एका स्नेह्यांच्या आवारात ॲव्होकॅडोचे जुने, भरपूर फळणारे झाड आहे. मार्चच्या पहिल्या रविवारी मी त्याच्या शेंड्याच्या सहा काड्या पानांसकट कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून पुण्याला आणल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी पाने काढली आणि सहाही रोपांचे शेंडे उडवून त्यांवर पाचर कलम केले (काडीचे टोक पाचरीसारखे तासून रोपाच्या खाचेत बसवणे). कापायला कागद कापण्याचे कटर वापरले आणि बांधायला विजेच्या कामाची काळी टेप. वरून प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि रोपे गच्चीवर पूर्वेच्या भिंतीशी ठेवली.

नवव्या-दहाव्या दिवसापासून काड्या शेंड्याकडून काळ्या पडू लागल्या आणि आज पाच पूर्ण वाळल्या आहेत. सहावी हिरवी आहे. बाराव्या दिवशी तिच्यातून कोंब डोकावला तेव्हा घरात पेढे वाटायचेच बाकी होते. पण दोन-तीन दिवसांनी नीट पाहिले, तर तो पानांचा कोंब नसून बारीक, पोपटी कळ्यांचा मोहोर होता. आता हा मोहोर खुडावा का? पाच खुंट (ज्यांवर कलम बांधले ती रोपे) फेकून द्यावे लागतील की त्यांवर पुन्हा कलम करता येईल? आणि माझे नेमके कुठे चुकले?

कलमवाला_कणकवली

मी आंबा-काजूची कलमे बांधतो आणि गेल्या काही वर्षांपासून मागणीप्रमाणे ॲव्होकॅडोचीही बांधू लागलो आहे. तुम्ही लिहिले आहे त्यावरून, सुरीच्या कामात थोडीफार चूक असली तरी मुख्य चूक काडीची दिसते. काडी कापून आणायची नसते, आधी ती झाडावर तयार करायची असते.

मार्चमध्ये ॲव्होकॅडोचे झाड एकतर मोहोरात असते किंवा नव्या पालवीत. मोहोरातल्या काडीचा साठा कळ्या फुलवण्यात संपतो आणि कोवळ्या पालवीच्या काडीकडे तो मुळातच नसतो. खुंट आणि काडी यांचा जोड जुळून खुंटातले पाणी काडीपर्यंत पोहोचायला दोन ते तीन आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस काडीला स्वतःच्या अंगच्या बळावर जिवंत राहावे लागते. म्हणून मागच्या पालवीची, तीन-चार महिन्यांची, हिरवट-करडी झालेली, पण वाकवली तर थोडी वाकेल इतपत मऊ अशी काडी निवडायची. तिच्या शेंड्याकडच्या पाच-सहा इंचांतील पानांची पाती झाडावरच कापून टाकायची आणि देठ अर्धा इंच ठेवायचे. आठ-दहा दिवसांनी त्या देठांना बोट लावले की ते आपसूक गळतात आणि त्यांच्या बगलेतले डोळे (न फुटलेले कोंब) गव्हाच्या दाण्यासारखे टचटचीत फुगलेले दिसतात. काडी त्या दिवशी सकाळी कापायची आणि शक्यतो त्याच दिवशी बांधायची. एखादा दिवस थांबलात आणि डोळा फुटला, तर ती काडी वाया गेली असे समजा.

आता सुरीविषयी. कागदाच्या कटरचे पाते लवचीक असते, त्यामुळे काप सपाट न होता मध्ये खोलगट होतो आणि पाचर खाचेत बसवल्यावर आत पोकळी राहते. कलमाचा चाकू एका बाजूनेच धार लावलेला असतो, तो त्यासाठीच. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी इंच-सव्वा इंच लांबीचे काप एकाच ओढीत द्यायचे. रंधा मारल्यासारखे पुन्हा पुन्हा तासायचे नाही. ॲव्होकॅडोचा ताजा काप बघता बघता तपकिरी पडतो (हे फळ कापून ठेवणाऱ्याला सांगायला नको), म्हणून खुंटाची खाच आधी तयार ठेवावी आणि काडी नंतर कापून लगेच आत बसवावी. खुंट काडीपेक्षा जाड असला तर काडी मधोमध बसवू नका. एका बाजूला सरकवून निदान त्या बाजूला सालीखालचा हिरवा थर हिरव्या थराला टेकेल असे बघा, कारण जोड जुळतो तो त्या थरातच, आतल्या पांढऱ्या लाकडात नाही.

विजेची टेप काळी असल्यामुळे उन्हात तापते आणि खोड जाड होऊ लागले तरी सैल होत नाही. त्याऐवजी दोन सेंटिमीटर रुंदीची पातळ पॉलिथिनची पट्टी खालून वर गुंडाळत न्यावी. कौले खालून वर रचत नेल्यावर पाणी जसे बाहेरून निथळते, तसेच इथे होते. काडीवर पेप्सीकोल्याच्या पिशवीसारखी अरुंद, लांबट टोपी घालून खाली बांधायची आणि रोप सावलीत ठेवायचे. टोपी घालून गच्चीवरच्या उन्हात ठेवलेले कलम म्हणजे कुकरमध्ये ठेवलेली भाजी. आमच्याकडे कोयकलमे (आंब्याच्या कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपांवरची कलमे) पावसाळ्यात बांधतात, कारण तेव्हा हवाच ओली असते. पुण्यात मार्चची दुपार किती कोरडी असते हे तुम्हीच जाणता.

खुंट मुळीच फेकू नका. शेंडा उडवताना खाली चार-पाच पाने ठेवली असतील तर त्यांच्या बगलेतून फुटवे येतील. त्यांतला एक सरळ फुटवा ठेवून बाकीचे काढा आणि जून-जुलैमध्ये त्याच फुटव्यावर पुन्हा कलम बांधा. मोहोर मात्र सगळा खुडून टाका, त्यात दयामाया नको.

सॅनदिएगोकर

कणकवलीच्या दादांशी जवळपास सर्व बाबतींत सहमत आहे, पण मोहोर सगळा खुडण्याबाबत थोडा मतभेद नोंदवतो. ॲव्होकॅडोचा मोहोर दोन प्रकारचा असतो. एकाच्या टोकाला फूलच असते आणि तो तिथे संपतो. दुसऱ्याच्या टोकाशी, फुलांच्या तुऱ्यांच्या मधोमध, पानांचा एक टोकदार डोळा असतो आणि पुढे त्यातूनच फांदी वाढते. म्हणून भिंग घेऊन मधला दांडा बघावा. तिथे डोळा असेल तर फक्त बाजूच्या कळ्या नखाने खुडाव्यात आणि दांडा राखावा. सरसकट खुडला तर तुमच्या एकुलत्या एक जिवंत काडीचा जगण्याचा मार्गच बंद होईल. अर्थात टोकाला फूलच असेल, तर दादा म्हणतात तसे करून खालचा एखादा डोळा फुटण्याची वाट बघावी.

मी राहतो त्या दक्षिण कॅलिफोर्नियात परसात ॲव्होकॅडो असणे हे कोकणात परसात फणस असण्यासारखेच आहे, त्यामुळे फसलेली कलमेही मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यांत माझी स्वतःची अधिक. धीर देण्यासाठी एक गोष्ट सांगतो. १९२६ च्या सुमारास इथल्या ला हाब्रा हाइट्समध्ये रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनने बियांपासून रोपे वाढवली आणि त्यांवर त्या काळी नावाजलेल्या फुएर्ते जातीची कलमे केली. एका रोपावर कलम काही केल्या लागेना, म्हणून ते तसेच वाढू दिले. आज जगभर विकला जाणारा काळपट, खरखरीत सालीचा ‘हास’ ॲव्होकॅडो त्या कलम न लागलेल्या रोपाचा वंशज आहे. १९३५ मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले आणि ते मूळ झाड २००२ पर्यंत उभे होते. यावरून कलम करूच नये असे मात्र कोणी समजू नये. हजारो बीजू रोपांतून असे एखादेच निघते.

टोपीऐवजी मी पॅराफिल्म वापरतो. ही ताणली जाणारी मेणचट पट्टी संपूर्ण काडीवर, डोळ्यांवरूनसुद्धा, एकेरी गुंडाळतात. आतला ओलावा टिकतो आणि डोळा फुटताना ती फाडून बाहेर येतो. सांध्यावर मात्र तिच्या जोडीला घट्ट पट्टी हवीच. प्रत्येक झाडानंतर चाकू पाणी मिसळलेल्या ब्लीचमध्ये बुडवून धुवा. ॲव्होकॅडोला सनब्लॉच नावाचा रोग होतो, तो काडीतून, बियांतून आणि चाकूवरूनही पसरतो, आणि रोगट झाड वरून अनेकदा अगदी ठणठणीत दिसते. त्यासाठीच माझी इथे येणाऱ्या प्रत्येकाला विनंती असते की सुटकेसमधून ‘हास’च्या काड्या भारतात नेऊ नका. परवान्याशिवाय अशा काड्या नेण्यास वनस्पती विलगीकरणाच्या नियमांनी मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

आणखी एक गोष्ट खुंटाची. पाणी बोअरचे आणि क्षारांचे असेल तर पानांची टोके तपकिरी होऊन करपत जातात. वेस्ट इंडियन गटातील झाडांच्या बियांची रोपे क्षार बऱ्यापैकी सोसतात, मेक्सिकन गटातील फारशी सोसत नाहीत. चुरगाळलेल्या पानाला बडीशेपेसारखा वास आला तर त्यात मेक्सिकन रक्त आहे असे समजावे. तुमच्या सहा रोपांची पाने एकदा चुरगाळून बघाच.

सोलापुरी_शेतकरी

सगळे वाचून झाल्यावर सरळ विचारतो: एवढा खटाटोप करण्यापेक्षा चांगल्या रोपवाटिकेतून तयार कलम का घेऊ नये? कर्नाटकातल्या चेट्टळ्ळीच्या संशोधन केंद्राने निवडलेल्या ‘अर्का सुप्रीम’ आणि ‘अर्का कूर्ग रवी’ या जाती आपल्याकडच्या लोकांनीही लावायला सुरुवात केली आहे. मी घरी केलेली चार कलमे लागली, पण पहिल्याच पावसाळ्यात मुळे कुजून तीन झाडे गेली, कारण आमच्या काळ्या जमिनीत पाणी तुंबते. ॲव्होकॅडोला तुंबलेले पाणी अजिबात चालत नाही. गादीवाफा किंवा उंच वरंबा करूनच लावा, आणि ड्रममध्ये लावणार असाल तर तळाला भोके सढळ हाताने पाडा.

जोडीच्या झाडाबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. ॲव्होकॅडोचे फूल दोनदा उघडते, एकदा मादी म्हणून आणि दुसऱ्यांदा नर म्हणून. ‘अ’ प्रकारात ते पहिल्या दिवशी सकाळी मादी असते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर. ‘ब’ प्रकारात पहिल्या दिवशी दुपारी मादी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर. एकटे झाडही फळते, पण दोन्ही प्रकार जवळ असले तर फळधारणा सुधारते. गच्चीवर दोन झाडांना जागा नसेल तर एकाच खुंटाच्या दोन फांद्यांवर दोन प्रकारांची कलमे करता येतात, आणि घरी कलम करण्याचा मला दिसणारा खरा फायदा हाच आहे.

गच्चीवरची_बाग, पुणे (७ सप्टेंबर)

उशिरा लिहितो आहे, कारण सांगण्यासारखे काही हाती लागेपर्यंत थांबलो होतो. मोहोराच्या मधोमध डोळा होता. बाजूच्या कळ्या खुडल्यावर तो आठवडाभर तसाच राहिला आणि नंतर त्यातून तांबूस पाने आली, पण मे महिन्याच्या उन्हात ते कलम सांध्यापाशी सुटले. टेप सोडवून पाहिली तेव्हा आत काडीची एकच कड जुळलेली होती आणि दुसरीकडे नखभर पोकळी होती. कटरबद्दल दादांनी लिहिले होते तेच डोळ्यांनी पाहायला मिळाले.

सहा खुंटांपैकी पाचांना चांगले फुटवे आले. पाने चुरगाळून पाहिली. एकालाही बडीशेपेचा वास नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाचगणीला जाऊन आठ काड्यांची पाती कापून आलो, दहा दिवसांनी पुन्हा गेलो. पाच काड्यांचे देठ हात लावताच गळले, तीन काड्यांचे अजून घट्ट होते. त्या पाचच आणल्या आणि त्याच संध्याकाळी, ओसरीत दिव्याखाली, दादरहून मागवलेल्या चाकूने बांधल्या. दोघांवर टोपी घातली आणि तिघांवर पॅराफिल्म गुंडाळली. टोपीतली एक काडी बुरशीने गेली आणि पॅराफिल्ममधल्या एकीचे काय बिघडले ते कळले नाही. उरलेल्या तिघांचे डोळे एकोणिसाव्या ते चोविसाव्या दिवसांत फुटले आणि आज प्रत्येकावर सहा-सात पाने आहेत. खुंटावर सांध्याखाली सारखे फुटवे येतात, ते दर दोन दिवसांनी बोटाने मोडतो.

सोलापूरच्या मित्रांचा प्रश्न रास्त आहे. तयार कलम घेतले असते तर दोन वेळचे पाचगणीचे पेट्रोल वाचले असते. पण मला त्याच झाडाचे फळ हवे आहे आणि ते झाड कोणत्या जातीचे आहे हे त्याच्या मालकांनाही माहीत नाही. आता एकच विचारायचे आहे: सांध्यावरची पट्टी कधी सोडायची?

कलमवाला_कणकवली

पहिली पालवी पिकून गडद हिरवी झाली आणि दुसरी येऊ लागली की सोडा, म्हणजे तुमच्याकडे साधारण ऑक्टोबरमध्ये. ओढून काढू नका, कोवळी साल पट्टीला चिकटून येते. ज्या बाजूला सांध्याची उभी रेघ नाही, त्या बाजूने पात्याच्या टोकाने पट्टीला एकच उभी चीर द्या आणि ती तशीच राहू द्या. खोड जाड होईल तशी ती आपोआप गळून पडेल. दुपारचे ऊन मात्र आणखी एक महिना टाळा, आणि सांध्यावर ताण येऊ नये म्हणून प्रत्येक कलमाला बांबूची काठी लावून सुतळीने आठच्या आकड्यात बांधा.