मदत हवी आहे: शिक्षकाला शिक्षा झाली, 'स्टे' मिळालाय म्हणतात. संस्थेने करायचं काय?

बांधावरचा_बाभूळ

नमस्कार मंडळी. मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तालुक्याच्या गावी आमची एक छोटी शिक्षणसंस्था आहे. एकच माध्यमिक शाळा, शंभर टक्के अनुदानित. माझं शेतीऔषधांचं दुकान आहे, पण वडील संस्थेत होते म्हणून गेल्या तीन वर्षांपासून सचिवपद माझ्या गळ्यात आहे. कायद्यातलं मला फारसं कळत नाही.

आमच्याकडे गणिताचे एक सर आहेत, २००४ पासून. माझी थोरली मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकली. २०१६ साली बांधावरून भावकीत मारामारी झाली आणि सरांनी चुलतभावाला फावड्याने मारलं. दोन ठिकाणी हाड मोडलं. भा.दं.वि. ३२६ खाली केस चालली. गेल्या महिन्यात तालुका कोर्टाने तीन वर्षं सक्तमजुरी आणि दंड सुनावला. त्याच दिवशी जामीन झाला आणि सर दुसऱ्या दिवशी वर्गावर हजर! आता जिल्हा कोर्टात अपील केलंय आणि सर म्हणतात, "स्टे मिळालाय, अपिलाचा निकाल लागेपर्यंत मी निर्दोषच."

शिक्षणाधिकारी कार्यालयाला दोन पत्रं दिली, लेखी उत्तर नाही. तोंडी सांगतात, "संस्था सक्षम आहे, तुम्ही ठरवा." अध्यक्ष म्हणतात उद्याच बडतर्फ करा. मुख्याध्यापक म्हणतात दहावीचं वर्ष आहे, मार्चपर्यंत थांबा. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर रोज शिमगा. २०२४ च्या बदलापूर प्रकरणापासून 'शाळा' आणि 'गुन्हा' हे शब्द एका वाक्यात आले की लोक पेटतात, मग गुन्हा कुठला हे कुणी बघत नाही.

माझे प्रश्न असे. शिक्षेला स्टे असताना कारवाई करता येते का? करायची तर चौकशी लागते, की कोर्टाचा निकाल पुरे? आणि एक नाजूक गोष्ट. २०१६ ला सर तीन दिवस पोलीस कोठडीत होते. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी मस्टरवर ती वैद्यकीय रजा दाखवली आहे. त्याचं काय करू?

---

काळा_कोट_पांढरी_साडी

कागद न बघता सांगतेय, त्यामुळे हा सल्ला नव्हे, दिशा समजा.

आधी तो 'स्टे' शब्द बाजूला ठेवा. अपिलातल्या आदेशाची नक्कल मागवा आणि स्वतः वाचा. दहापैकी नऊ वेळा त्यात शिक्षेची अंमलबजावणी स्थगित करून जामीन दिलेला असतो. म्हणजे माणूस अपील चालू असेपर्यंत तुरुंगात जात नाही, एवढंच. दोषसिद्धी तशीच उभी असते. दोषसिद्धीलाच स्थगिती ही वेगळी चीज आहे. ती वेगळी मागावी लागते, कारणं द्यावी लागतात आणि न्यायालयं ती अपवादानेच देतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८९ मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३० मध्ये आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा नागूर मीरा निकाल वाचा. तामिळनाडूच्या महाविद्यालयीन शिक्षण खात्यातल्या कर्मचाऱ्याचं प्रकरण होतं. शिक्षा स्थगित आणि अपील प्रलंबित असलं म्हणून खात्याने हात बांधून बसायची गरज नाही, असं न्यायालयाने म्हटलं. उद्या अपिलात सुटला तर आदेश फिरवता येतो आणि त्याचं काही बुडत नाही.

पण आता गंमत बघा. तो निकाल सरकारी कर्मचाऱ्याचा. सरकारी माणसाला संविधानाच्या ३११(२) च्या परंतुकाखाली, ज्या वर्तनामुळे तो दोषी ठरला त्यासाठी चौकशीविना बडतर्फ करता येतं. १९८५ च्या तुलसीराम पटेल निकालाने ते पक्कं केलं. तुमचे सर सरकारी नाहीत. पगार सरकार देतं, पण नेमणूक तुमची आहे. त्यांना लागू होतो १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली. त्यामुळे 'अपील संपेपर्यंत थांबायची गरज नाही' एवढं तत्त्व नागूर मीरामधून घ्या, 'चौकशी नको' हे मात्र घेऊ नका. तुमच्या अध्यक्षांचं 'उद्याच बडतर्फ' पत्र म्हणजे शाळा न्यायाधिकरणात सरांच्या हातात दिलेला हुकमी एक्का. तीस दिवसांत कलम ९ खाली अपील होईल, आदेश रद्द झाला तर सर परत येतील, आणि मागचा पगार कदाचित संस्थेच्या खिशातून जाईल.

---

बांधावरचा_बाभूळ

ताई, आदेशाची नक्कल आज आणली. तुम्ही म्हणता तेच. "शिक्षेची अंमलबजावणी अपिलाच्या निकालापर्यंत स्थगित." दोषसिद्धीबद्दल अवाक्षर नाही.

---

सडेतोड_सदू

एवढा काथ्याकूट कशाला? फावड्याने भावाचा हात मोडणारा माणूस मुलांना काय शिकवणार, भागाकार? घरी बसवा. पालक म्हणून माझं मूल असल्या वर्गात मी एक दिवस ठेवणार नाही.

---

खडू_डस्टर

सदूभाऊ, घरी बसवलं तरी पगार चालूच राहील. काम न करता पगार कुणाच्या सहीने काढला, हे लेखापरीक्षणात सचिवांनाच विचारतील. (मी जिल्हा परिषदेत आहे, चोवीस वर्षं झाली. हे सगळं शेजारच्या टेबलावर पाहिलंय.)

आमच्याकडे कोठडीत ४८ तास ओलांडले की माणूस आपोआप निलंबित मानला जातो, वेगळा आदेश निघो न निघो. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत तर ४८ तासांपेक्षा जास्त कैदेची शिक्षा झाली की दोषसिद्धीच्या तारखेपासूनच निलंबन धरतात. आमच्या केंद्रातल्या एका गुरुजींनी असंच 'पोटदुखी' म्हणून रजा टाकली होती. पुढे त्या पोटदुखीचं स्वतंत्र प्रकरण झालं.

---

निवृत्त_मुख्याध्यापक

सचिव महोदय, ३४ वर्षे खासगी शाळेत काढली, त्यातली ११ मुख्याध्यापक म्हणून. दोन चौकशी समित्यांवर बसलो. एकीचा निकाल टिकला, दुसरीचा न्यायाधिकरणात कोसळला. कोसळलेल्या चौकशीतून जास्त शिकलो, म्हणून तेच सांगतो.

तिथे आरोप खरा होता. साक्षीदारही खरे होते. चुकली ती समितीची रचना. नियम ३६ प्रमाणे शिक्षकाच्या चौकशीसाठी तीन माणसे लागतात: एक व्यवस्थापन मंडळातला, एक त्या शिक्षकाने स्वतः सुचवलेला कोणत्याही खासगी शाळेचा कर्मचारी, आणि तिसरा राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. आमच्या संस्थेने तिसरा सदस्य म्हणून अध्यक्षांच्या ओळखीचे एक प्राध्यापक घेतले. विद्वान होते, पण त्या यादीत नव्हते. संपला खेळ. तीन वर्षांनी ते शिक्षक हार घालून घेऊन शाळेत परत आले आणि पगाराच्या फरकाचे ओझे संस्थेवर पडले.

म्हणून क्रम सांभाळा. आधी व्यवस्थापन मंडळाची रीतसर सभा, नोटीस आणि गणपूर्तीसह. ठरावात चौकशी करायची आणि निलंबित करायचे की नाही, हे दोन्ही स्वतंत्र लिहा. निलंबन करायचे असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्या. परवानगीविना केलेत तर पहिल्या चार महिन्यांचाही निर्वाहभत्ता संस्थेच्या बोकांडी बसतो. मग आरोपांचे पत्र रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, आणि सात दिवसांत लेखी खुलासा मागणे. खुलासा असमाधानकारक वाटला तरच पुढे समिती. चौकशी साधारण १२० दिवसांत पुरी करायची असते, हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर तारखांवर तारखा पडतात.

एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या मंडळात फिर्यादीचा कोणी नातेवाईक आहे का? गाव लहान असते, म्हणून.

---

बांधावरचा_बाभूळ

सर, नेमकं बोट ठेवलंत. खजिनदार फिर्यादीचे सख्खे मेहुणे आहेत. आणि समितीवर मंडळाकडून त्यांनाच पाठवायचं असं अध्यक्षांनी मनात धरलंय, कारण त्यांना 'केस माहीत आहे'.

---

निवृत्त_मुख्याध्यापक

केस माहीत आहे म्हणूनच नको. ठरावाच्या वेळीही त्यांना बाहेर बसायला सांगा आणि ते बाहेर बसले असे इतिवृत्तात लिहा. त्या एका ओळीची किंमत न्यायाधिकरणात कळते.

---

काळा_कोट_पांढरी_साडी

मुख्याध्यापक सरांना साष्टांग. यातलं बरंच आम्हाला पुस्तकात सापडत नाही.

आरोप कसा लिहायचा, यावर मात्र थोडं थांबते, कारण पुढे भांडण इथेच होईल. नियम २८(५) मध्ये शिक्षेची चार कारणं आहेत: गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कर्तव्यात हेतुपुरस्सर व सतत हयगय, अकार्यक्षमता. सगळे 'नैतिक अधःपतना'कडे धावतात, शब्द भारदस्त आहे ना. पण नियमावलीत त्याचं स्पष्टीकरण विद्यार्थी किंवा कर्मचाऱ्याशी असभ्य, अनैतिक वर्तन आणि तत्सम कृत्यं असं आहे. बांधावरची मारामारी त्यात बसते का? सरांचा वकील पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारेल. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या पवनकुमार प्रकरणात हा शब्द किती जपून वापरायचा ते दाखवलंय. हरियाणातला चतुर्थ श्रेणी कर्मचारी, कलम २९४ खाली वीस रुपये दंड झालेला, तेवढ्यावर नोकरी गेली होती. न्यायालयाने ती वाचवली. तुमच्याकडे वीस रुपये नाहीत, तीन वर्षं सक्तमजुरी आहे, हा फरक मोठाच. तरीही दोषारोपपत्र एका खांबावर उभं करू नका. आचारसंहितेचा भंग म्हणजे गैरवर्तन, हा आरोप पहिला घ्या. नैतिक अधःपतन त्यानंतर, पर्यायी म्हणून. पुरावा म्हणून निकालाची प्रमाणित प्रत लावा. मारामारी झाली की नाही हे समितीने पुन्हा शोधत बसायचं नाही, ते कोर्टाने ठरवलंय. प्रश्न फक्त शाळेच्या नात्याने त्याचा परिणाम काय, एवढाच.

आणि शिक्षा म्हणजे बडतर्फीच, असंही नाही. ताकीद, ठपका, वेतनवाढ रोखणं, पदावनती, सेवासमाप्ती अशी उतरंड आहे. कुठली पायरी, हे समितीला मोकळ्या मनाने ठरवू द्या.

मस्टरला हात लावू नका! खाडाखोड नाही, नवी नोंद नाही. जसं आहे तसं फोटो काढून ठेवा आणि त्या रजेची चौकशी वेगळ्या ठरावाने करा. सरांच्या दोषारोपपत्रात ती मिसळू नका, कारण ती नोंद सरांनी नाही, तुमच्या मुख्याध्यापकांनी केली आहे.

---

टेम्सकाठी

थोडं अवांतर. मी इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत शिकवतो. इथे शाळेने काढून टाकणं हा अर्धाच भाग असतो. टीचिंग रेग्युलेशन एजन्सी म्हणून स्वतंत्र संस्था आहे. तिची समिती सुनावणी घेते आणि शिक्षण मंत्र्यांच्या नावाने शिकवण्यावरच बंदी येते, देशातल्या कुठल्याही शाळेत. निर्णय कारणांसह सर्वांना वाचता येतो. बंदी आयुष्यभराची, पण काही प्रकरणांत ठरावीक काळानंतर, कमीत कमी दोन वर्षांनी, फेरविचार मागता येतो. तुमच्या धाग्यातल्या सरांसारखं प्रकरण इथे आलं असतं तर भांडणाची पार्श्वभूमी, नंतरची वर्षं, पश्चात्ताप हे सगळं पानंच्या पानं लिहिलेलं मिळालं असतं. सगळं आलबेल आहे असं नाही, प्रकरणं खूप रेंगाळतात.

---

खडू_डस्टर

आपल्याकडे वकिलांना बार कौन्सिल आहे, डॉक्टरांना मेडिकल कौन्सिल. शिक्षकाची सनद काढून घेणारं कुणी नाही. एनसीटीई (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) आहे, पण ती पात्रता आणि अध्यापक महाविद्यालयं बघते. त्यामुळे एका संस्थेने काढलेला माणूस शेजारच्या तालुक्यात विनाअनुदानित शाळेत किंवा क्लासमध्ये निवांत शिकवतो. पोक्सोचे २०२० चे नियम आले तेव्हापासून मुलांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी संस्थेने करायची आहे. किती जण करतात ते विचारू नका.

बाभूळराव, सरांच्या पेन्शनचं कुणी बोललंच नाही. नेमणूक २००४ ची, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, जुनी पेन्शन. सेवासमाप्ती झाली तर वीस-एकवीस वर्षांची सेवा पेन्शनला धरायची की नाही हा प्रश्न उभा राहील. समितीवर बसणाऱ्यांच्या डोळ्यासमोर हेही असू द्या. घरी दोन मुलं असतील ना त्यांना?

---

बांधावरचा_बाभूळ

एकच मुलगा, बारावीला आहे.

सगळ्यांचे आभार. काल सभा झाली. खजिनदार आधी चिडले, मग स्वतःच उठून व्हरांड्यात जाऊन बसले. तसं इतिवृत्तात लिहिलं. निलंबनाच्या परवानगीचा प्रस्ताव निकालाच्या प्रमाणित प्रतीसह शिक्षणाधिकाऱ्यांकडे आज हातोहात दिला, पोच घेतली. आरोपांचं पत्र उद्या रजिस्टरने जाईल. अध्यक्षांना 'उद्याच बडतर्फ'वरून खाली आणायला दोन तास आणि चार चहा लागले. २०१६ च्या रजेचा ठराव वेगळा घेतला. ते मुख्याध्यापक आता निवृत्त आहेत आणि माझ्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. बघू.

सरांना मी स्वतः घरी जाऊन सांगितलं. ते एवढंच म्हणाले की समितीवर माझा माणूस कोण हे मी कळवतो. दहावीच्या गणितासाठी शेजारच्या शाळेतल्या एका बाईंना मुख्याध्यापकांनी तासिका तत्त्वावर विचारलंय.

एक राहिलं: परवानगी मिळाली तर निर्वाहभत्त्याचं बिल वेतन पथकाकडे नेहमीच्या पगारासोबत टाकायचं की वेगळं? आणि 'दुसरीकडे नोकरी करत नाही' हे प्रमाणपत्र सरांकडून दर महिन्याला घ्यायचं ना?

---

निवृत्त_मुख्याध्यापक

प्रमाणपत्र दर महिन्याला घ्यावे, त्याशिवाय भत्ता काढू नये. बिलाचे तुमच्या पथकाच्या अधीक्षकांना विचारा, जिल्ह्याजिल्ह्यात पद्धत निराळी असते. प्रमाणपत्राचा आमचा जुना मसुदा व्यक्तिगत निरोपातून पाठवला आहे.