इन्सुलिनची सवय लागत नाही, पण सिरिंज बघून घ्या

वर एका ताईंनी लिहिलंय की डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं, पण 'एकदा टोचलं की कायमची सवय लागते' म्हणून आई ऐकतच नाही. आमच्याकडे ऐरोलीला बाबांनीही हेच धरून सहा महिने घालवले. ताई, ही सवय नव्हे. टाइप २ मधुमेहात वर्षं जातात तशी स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवायची ताकद घटत जाते, ती तूट बाहेरून भरायची, एवढंच.

सुरू केल्यावरही बाबांची साखर वर-खाली व्हायची. शेवटी नर्सबाईंनी पोटावरून हात फिरवला, तर बेंबीच्या डावीकडे सुपारीएवढी गाठ! 'तिथे दुखत नाही' म्हणून ते रोज तिथेच टोचत होते. अशा गाठीतून औषध नीट शोषलं जात नाही. जागा बदलल्यावर साखर एकदम उतरू शकते, म्हणून डॉक्टरांनी डोसही कमी करून दिला.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा १ मिलीत ४० युनिटचं असतं, पेनमधलं (पेनासारख्या टोचायच्या उपकरणातलं) १०० चं. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतलं तर डोस अडीच पट जातो. मेडिकलवाल्यासमोरच बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवा.

फ्रीजमध्ये दारात ठेवा, फ्रीजरला लागून नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही.