टू-ए गटातील उमेदवाराचा जनरल मेरिटच्या जागेवर हक्क असतो का?

प्रश्न (खानापूर तालुका):
आमच्या घरातील दोघे सध्या एकाच पेचात सापडले आहेत. धाकट्या बहिणीने कर्नाटक सरकारच्या भरतीत टू-ए गटातून (राज्याच्या मागासवर्गीय यादीतील एक प्रवर्ग) अर्ज केला होता. त्या जाहिरातीत जनरल मेरिटसाठी (जीएम, म्हणजे खुला गट) वयोमर्यादा ३५ होती आणि ती ३३ वर्षांची आहे. तात्पुरत्या निवड यादीत तिचे नाव टू-एच्या रकान्यात आले आहे. मात्र जीएममधील शेवटच्या महिला उमेदवारापेक्षा तिचे गुण दोनने जास्त आहेत. चौकशीला गेल्यावर कारकुनाने “अर्जात टू-ए लिहिले आहे, मग जीएममध्ये कसे घेणार?” एवढेच सांगितले. चुलतभावाची गोष्ट वेगळी आहे. केंद्राच्या भरतीत २७ ची मर्यादा ओलांडल्यामुळे त्याने ओबीसी म्हणून वयाची सवलत घेतली, आणि गुण खुल्या गटाच्या कटऑफच्या वर आले. नाडकचेरीतून (महसूल कार्यालयातून) जातीचा दाखला आणलाच नसता तर बरे झाले असते, असे बाबा आता म्हणू लागले आहेत.

उत्तर १ (टिळकवाडी):
ताई, दाखल्याने काहीही बिघडलेले नाही. जीएम हा कुठल्या जातींसाठी राखून ठेवलेला गट नसून गुणांवर सर्वांना खुला असलेला गट आहे, हे १९९२ च्या इंद्रा साहनी निकालापासून स्पष्ट आहे. तुमच्या बहिणीच्या बाबतीत तर सौरव यादव प्रकरणातील १८ डिसेंबर २०२० चा निकाल जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. उत्तर प्रदेशातील पोलीस भरतीत खुल्या गटातील शेवटच्या महिलेला २७४.८२९८ गुण होते, तर अर्जदार ओबीसी महिलेला २७६.५९४९ गुण असूनही तिला डावलले गेले होते. महिलांचे आरक्षण समांतर (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत लागू होणारे) असले, तरी खुल्या गटातील महिलांच्या जागा कोणत्याही प्रवर्गातील महिलेला गुणांवर मिळू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. बहीण जीएममध्ये गेली की टू-एची जागा मागच्या टू-ए उमेदवाराला मिळते. स्वतःच्या गुणांवर निवडलेल्यांना आरक्षित कोट्यात मोजायचे नाही, हे आर. के. सभरवाल प्रकरणात १९९५ सालीच ठरले आहे.

मूळ प्रश्नकर्ती:
आभारी आहे. मग भावालाही हाच नियम लागू होईल ना? आणि बहिणीने शुल्कात सवलत घेतली होती, त्याची अडचण येईल का?

उत्तर २ (निपाणी):
येथे सावध राहावे लागेल. केंद्राच्या १ जुलै १९९८ च्या परिपत्रकानुसार वय, अनुभव, पात्रता किंवा परीक्षेच्या संधी यांत सवलत घेतलेला उमेदवार आरक्षित जागेवरच मोजला जातो. दीपा ई. व्ही. प्रकरणात (२०१७) अर्जदार महिलेला ८२ गुण होते आणि खुल्या गटातील एकाही उमेदवाराला किमान ७० गुणही मिळाले नव्हते, तरीसुद्धा वयाची सवलत घेतल्यामुळे तिला खुली जागा नाकारली गेली. भावाने ओबीसीच्या यादीवरच लक्ष ठेवावे, आणि त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो, राज्याचा टू-एचा चालत नाही, हे विसरू नये. शुल्काचे म्हणाल, तर परिपत्रकाने ज्या सवलती नावाने सांगितल्या आहेत त्यांत शुल्क नाही. उत्तर प्रदेशच्या कायद्यावरील २०१० च्या जितेंद्रकुमार सिंह निकालातही शुल्क आणि वय यांची सवलत गुणवत्तेच्या आड येत नाही असे म्हटले आहे. पण तो त्या राज्याच्या कायद्यापुरता असल्याने भावाच्या कामी तो येणार नाही.

उत्तर ३ (येळ्ळूर):
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपल्याकडची मुले कोल्हापूर किंवा सांगलीकडील भरतीत हाच टू-एचा दाखला जोडतात. राज्याच्या यादीतील प्रवर्ग सीमेपलीकडे चालत नाही. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील उमेदवारांना अर्जाची जी सवलत आहे, तीही रहिवासाबाबत आहे, जातीबाबत नव्हे. तिकडे खुल्या गटातूनच अर्ज करावा.

उत्तर १ (टिळकवाडी):
ताई, तात्पुरती यादी म्हणजे अंतिम यादी नव्हे. आक्षेपाची मुदत संपण्याआधी बहिणीने लेखी अर्ज द्यावा, त्यात स्वतःचे आणि जीएममधील शेवटच्या महिलेचे गुण शेजारी-शेजारी लिहावेत, वयाची सवलत न घेतल्याचे नमूद करून जन्मतारखेचा पुरावा जोडावा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. अर्ज कन्नडमध्ये लिहिल्यास तो त्याच टेबलावर वाचला जाईल.