जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी

लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. 'लिनक्स तज्ज्ञांसाठी, सामान्यांनी विंडोजच वापरावं' असं काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही, भाऊ. पण विंडोजवाल्यांना नावं ठेवणंही तितकंच चूक.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेली जुनी यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अमळनेरला भाच्याच्या अशाच लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही लिनक्सची सोपी आवृत्ती टाकली. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहिली; हार्डडिस्कला हात न लावता वायफाय, प्रिंटर, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सगळं तपासता येतं. बारावीच्या अभ्यासाला त्याला एवढं पुरतं.

जळगावात लग्नपत्रिका छापणाऱ्या मित्राला मात्र मी विंडोज सोड म्हणणार नाही. त्याचं काम कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर, ते लिनक्ससाठी मिळत नाही. शिवाय जुन्या फाइली युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधल्या. त्या युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरं बिघडतात, मग प्रत्येक पाहुण्याचं नाव पुन्हा वाचत बसा. ऐन लग्नसराईत हे कोण करणार?

आणि लिनक्स परकं वाटणाऱ्यांच्या खिशातल्या अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे.

रॅम ४ जीबीच असेल, तर मिंटची एक्सएफसीई नावाची आवृत्ती घ्या, ती हलकी चालते.