मदत हवी आहे: पोरांना होडीतून गळ टाकायला न्यायचंय

दिवाळीच्या सुट्टीत भिगवणला, उजनीच्या पाण्यावर जाणार आहोत. सोबत मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. होडी आमच्या ओळखीतल्या एका काकांची, वल्ह्याची, अगदी छोटी. वल्हं तेच मारणार, पण गळाचं सगळं माझ्याकडे, आणि मी त्यात शून्य!

मागच्या वेळी काठावरून प्रयत्न केला होता. बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), बुचाचा तुकडा, कणकेची गोळी. अर्ध्या तासात तंगूस दोनदा बाभळीत अडकला आणि गळ मुलीच्या बाहीत. नशीब, स्वेटर होता. तेव्हापासून गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकायचं ठरवलंय. मासा सुटला तर सुटला. पण अशा गळाला चिलापी मासा लागेल ना? आम्हाला चिलापीच पुरे, कटला-बिटला झेपणार नाही.

मुख्य काळजी लाइफ जॅकेटची. मुलीचं वजन १८ किलो आहे. दुकानदार म्हणतो, मोठं घ्या, दोन वर्षं चालेल. मला ते पटत नाही, खांद्याला धरून उचललं की कानापर्यंत वर येतं. पोरांसाठी नेमकं कसं बघून घ्यायचं? पायांमधून जाणारा पट्टा असलेलं पुण्यात कुठे मिळेल?

आणि दोघांनी एकदम गळ टाकायचा की आळीपाळीने? बसवायचं कुठे? मासा लागला की मुलगा ताडकन उभा राहणार, हे मला आत्ताच दिसतंय.

गांडूळ हातात धरायला मुलगी तयार आहे. मीच नाही. कणकेत काय मिसळता तेही सांगा.